वळणाच्या आतल्या बाजूने

बुधवार, अकरावा टप्पा

धाकटे,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायची पद्धत आहे, पण हात वळत नाही. तेवढा गाळला आहे असं समज. हे पत्र तुमच्या संघाच्या बसड्रायव्हरकडे देणार आहे. बस कुठे उभी असते ते इथे कुणीही सांगतं. तुझा फोन फक्त माझ्यासाठी बंद आहे की सगळ्या जगासाठी, ते मात्र कुणी सांगत नाही.

मी बाबांना घेऊन आले आहे. हो, सायकलच्या शर्यतीलाच. लाँड्रीची व्हॅन मालकाकडून मागून घेतली. ज्या पट्टीला आपण चादरींच्या ट्रॉल्या अडकवायचो, त्याच पट्टीला बाबांची चाकाची खुर्ची बांधली आहे. आत ब्लीचचा वास कोंडलेला असतो. बाबा म्हणाले, "दवाखान्यापेक्षा बरा आहे."

दवाखाना म्हणजे काय ते तुला ठाऊक नाही, म्हणून सांगते. हिवाळ्यात बाबांना झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय गेल्यात जमा आहेत. तोंड थोडं वाकडं झालं, बोलणं समजतं, शिव्या तर अगदी स्वच्छ येतात. डोळ्यांचं मात्र वाईट झालं. हातभर अंतरावरचं दिसतं, त्यापलीकडे नुसते रंग हलतात. तुला कळवायचं नाही असं त्यांनी बजावलं होतं आणि मलाही कळवावंसं वाटलं नाही. डॉक्टरांनी सांगितलं, पुढच्या वर्षी प्रवासाचं नावही काढू नका. बाबांनी लगेच या वर्षीचं काढलं.

इथे आल्यापासून मला नुसती शिसारी येते आहे. लहानपणी हीच माणसं आपल्याला जत्रेसारखी वाटायची, कशी काय कोण जाणे. काल माझ्या शेजारी एक बाप्या उघडाबंब उभा होता, पोटावर रंगाने कुणाचा तरी नंबर लिहून. रायडर आले की तो त्यांच्या तोंडाशी तोंड नेऊन ओरडत पळायचा आणि त्याचं पोट त्याच्या मागून निघायचं. जाहिरातीच्या गाड्यांमधून फुकटच्या टोप्या फेकतात. त्यांच्यासाठी दोन चांगल्या घरच्या बायका एकमेकींचे केस धरताना मी पाहिल्या. टोपी धुतली तर पहिल्याच पाण्यात रंग सोडेल, हे मला लांबूनच दिसत होतं. झाडामागे जायची सोय नाही, कारण झाडामागे आधीच सगळे जाऊन आलेले असतात. आणि या सगळ्यात मी बाबांचं भांडं रिकामं करायला जागा शोधत फिरते.

आता कामाचं. पुढच्या गुरुवारी शर्यत आपल्या वळणावरून जाते. बाबांना तिथे बसायचं आहे, नेहमीच्या जागी, वळणाच्या आतल्या बाजूला, दगडी कठड्यापाशी. त्यांना टोळ बघायचा आहे, त्यांचा सगळ्यांत लाडका रायडर. टोळ यंदा निवृत्त होतो आहे आणि बाबाही होत आहेत, असं ते स्वतःच म्हणतात. टोळ तुमच्या संघात आला तेव्हा मला वाटलं होतं, बाबा त्याच्यावरही फुली मारतील. तर म्हणाले, "टोळ गेला म्हणजे संघ सुधारला असेल." मग तुला फोन लावून देऊ का, विचारलं. टीव्हीचा आवाज वाढवला.

माझी एकच मागणी आहे. टोळला सांग, गुरुवारी आपल्या वळणावर आतल्या बाजूने जा, कठड्याला लागून. म्हणजे तो बाबांपासून हातभर अंतरावरून जाईल आणि बाबांना त्याचं तोंड दिसेल. बाकी तू येऊ नकोस, बोलू नकोस, काही नको. एवढं केलंस तर पुरे.

ताई


शनिवार, चौदावा टप्पा

धाकटे,

आज मी तुला पाहिलं. तूही मला पाहिलंस, तेव्हा आता नाटक नको.

मी रोज रस्त्याकडेला उभी राहून फोनवर शूटिंग करते. बाबांना रस्ता दिसत नाही, पण फोन नाकाजवळ धरला की दिसतो. संध्याकाळी ते प्रत्येक रायडर तीन-तीनदा बघतात. आज बाबा व्हॅनमध्ये पडून होते आणि मी एकटीच चढाच्या वरच्या अंगाला गेले होते, गर्दी नको म्हणून. पुढचे सगळे निघून गेले. मग टोळ आला, एकटा, मान खाली घातलेला, ढोपरं बाहेर फेकत. शेजारी तुमची दुसरी गाडी. मॅनेजर चालवत होता आणि मागच्या खिडकीतून तू पाण्याची बाटली पुढे केलीस. टोळने धरली. तू सोडली नाहीस. त्यानेही सोडली नाही. मॅनेजरने गाडी दामटली आणि पायडल न मारता टोळ वर गेला. वळण येईपर्यंत दोघांचे हात एका बाटलीवर होते.

बाबा याला डिंकाची बाटली म्हणायचे, आठवतं ना? टीव्हीवर कुणी असं करताना दिसला की ते उठून टीव्ही बंद करायचे आणि आपण दोघी बोंबलायचो.

मला तुझी किळस आली. शब्द फिरवून लिहायचा मला कंटाळा आहे. टोळच्या चड्डीवर मागे काय लागलं होतं, ते लाँड्रीतल्या बाईला कुणी सांगावं लागत नाही. त्याचीही किळस आली, पण ती धुतली की जाते. तुझी कशी जायची? दोन वर्षांपूर्वी तुमच्या दोघा रायडरांच्या रक्तात नको ते सापडलं. तेव्हा बाबा तुला म्हणाले, सोड तो संघ. तू म्हणालीस, "मी त्यांचे कपडे धुते बाबा, त्यांचं रक्त बघत नाही." त्यानंतर बाबांच्या तोंडून तुझं नाव गेलं. आता तू नुसती 'ती' आहेस, आणि तेही फार क्वचित. मी त्या वेळी गप्प होते. बाबा जरा जास्तच करतात असं मला वाटायचं. आज वाटलं नाही.

व्हॅनमध्ये परत आले तर बाबा जागे होते.

"टोळ दिसला?"

"दिसला."

"कसा होता?"

"आपल्या पायांनी गेला, बाबा."

"दाखव."

"बॅटरी संपली."

माझ्या तोंडून खोटं किती सहज निघालं, याचीही मला किळस आली. आज इथे किळसच किळस आहे.

व्हिडिओ स्वच्छ आला आहे. तुझा चेहरा, गाडीचा नंबर, सगळं. नियम तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. गाडीला धरून चढलेला रायडर घरी जातो, आणि त्याला चढवणारे त्याच्या मागोमाग. सोमवारी विश्रांतीचा दिवस आहे. पंच कुठल्या हॉटेलात उतरलेत ते मी विचारून ठेवलं आहे. तुला काही म्हणायचं असेल तर त्याआधी म्हण.

ताई


सोमवार, विश्रांतीचा दिवस

धाकटे,

तुझी चिठ्ठी मिळाली. दोन वर्षांनी बहिणीचं अक्षर बघायला मिळालं, तेही तेलकट पिशवीच्या कागदावर. ड्रायव्हरने ती मला दोन बोटांत धरून दिली आणि म्हणाला, "ताई, मला यात पाडू नका, मी फक्त बस चालवतो." तुमच्याकडे प्रत्येकजण फक्त काहीतरी करतो.

तू लिहिलंस, "दाखव. तो दोन रात्री ओकत होता आणि संडासात होता. ही त्याची शेवटची शर्यत आहे. तरी दाखव, मी अडवणार नाही." मी हे वाचलं आणि मला तुझा इतका राग आला की चिठ्ठी फाडायला घेतली. तू रडली असतीस, हातापाया पडली असतीस, खोटं बोलली असतीस, तर मला सोपं गेलं असतं. लहानपणीसुद्धा तू अशीच होतीस. बरणी फोडलीस की बरणीशेजारी उभी राहायचीस.

मी हॉटेलात गेले. जेवणाच्या हॉलमध्ये पंच मंडळी बसली होती. मुख्य पंच टूथपिकने दात कोरत होते आणि निघालेला ऐवज नीट निरखून परत तोंडात टाकत होते. माझ्या पुढे एक गृहस्थ तक्रार घेऊन उभे होते. त्यांच्या हातातली फुकटची टोपी दुसऱ्याने हिसकावली होती आणि शर्यतीने त्यावर काहीतरी करावं, असं त्यांचं म्हणणं होतं. पंच म्हणाले, "लिहून द्या." गृहस्थ तिथेच लिहायला बसले. मग पंचांनी माझ्याकडे पाहिलं.

"आपलं काय, बाई?"

माझ्या हातात फोन होता, व्हिडिओ उघडून ठेवलेला. नुसतं बोट लावायचं होतं.

मी विचारलं, "गुरुवारी घाटाचा रस्ता किती वाजता बंद होतो?"

त्यांनी वेळ सांगितली. मी आभार मानले आणि बाहेर आले.

तुझ्यासाठी केलं असं समजू नकोस. टोळच्या पोटाची दया आली म्हणूनही नाही, ओकणाऱ्या माणसांच्या चादरी मी रोज धुते. व्हिडिओ दाखवला असता तर टोळ आज संध्याकाळीच घरी गेला असता आणि गुरुवारी बाबा रिकाम्या रस्त्याकडे तोंड करून बसले असते. चादरीचा डाग निघाला नाही की आपण चादर उलटी घडी घालतो आणि गिऱ्हाइकाला देतो. मी तेच केलं. फरक इतकाच की आजवर मी तसं केलं की मालकाला शिव्या घालायचे.

बाबांना सांगितलं, फोन पाण्यात पडला, शनिवारचं सगळं गेलं. ते म्हणाले, "जाऊ दे, गुरुवारी प्रत्यक्षच बघू."

ताई


बुधवार, सतरावा टप्पा

धाकटे,

आज घाईत लिहिते. उद्याचं विसरू नकोस. आतल्या बाजूने, कठड्याला लागून, हातभर अंतरावरून. टोळला सांगितलंस का? सांगितलं नसशील तर आज जेवताना सांग.

बाबांची दाढी केली. त्यांनी छत्री बरोबर आणली आहे, तीच, पितळी टोकाची. त्या छत्रीने त्यांनी आजवर किती जणांच्या हातावर फटके दिले असतील? रायडरला ढकलायला कुणी हात पुढे केला की छत्री आलीच. "ज्याला ढकललं तो चढला नाही," हे त्यांचं वाक्य मला झोपेतही म्हणता येतं. मघाशी म्हणाले, "मला दिसत नाही. उद्या कुणी हात लावायला गेला तर मला सांग, मी छत्री घालतो." मी विचारलं, कुठे घालणार? म्हणाले, "तू दिशा सांग."

आणि मग आपण होऊन म्हणाले, "तिला मी त्या दिवशी गाडीत बसवलं होतं." बस्स, एवढंच.

मला तो दिवस चांगला आठवतो. तू नऊ वर्षांची होतीस. एक दमलेला रायडर बिचारा आतल्या बाजूने आला. तिथे चढ भिंतीसारखा, त्यामुळे तो जागच्या जागी थांबला, आणि तू धावत जाऊन त्याला दोन्ही हातांनी ढकललंस. बाबांनी तुला दंडाला धरून गाडीत बसवलं आणि काचा वर केल्या. उरलेली सगळी शर्यत तू काचेला नाक लावून पाहिलीस. मी बाहेर उभी होते, मी काही केलं नव्हतं म्हणून.

ताई


गुरुवार, संध्याकाळ, आपल्या वळणावरून

धाकटे,

तुला सगळं दिसलं आहे, पण खिडकीतून. मी बाहेर उभी राहून काय पाहिलं ते लिहिते.

सकाळी लवकर जागा धरली. आमच्या बाजूला अस्वलाचा पोशाख घातलेला एक माणूस येऊन उभा राहिला. ऊन चढलं तसा तो त्या पोशाखात शिजला आणि असा वास सुटला की मी वाऱ्याची बाजू बदलून उभी राहिले. बाबा मात्र खुशीत होते. पुढचे रायडर आले तेव्हा नुसत्या साखळीच्या आवाजावरून म्हणाले, "हे दमलेले नाहीत." मग मोठा घोळका गेला. मग फुटकळ चार-दोन. मग कुणीच नाही. लोक गाशा गुंडाळायला लागले. बाबा हलले नाहीत.

टोळ सगळ्यांत शेवटी आला. मागे मोटारसायकलवर पंच, त्याच्यामागे तुमची गाडी, आणि तिच्यामागे शर्यत सोडलेल्यांना गोळा करणारी ती झाडूगाडी. खालच्या वळणाला तो रस्त्याच्या बाहेरच्या बाजूला होता, जिथे चढ सोपा असतो. दमलेला माणूस तिथेच असतो. तिथेच राहिला असता तर रांगत का होईना, वर गेला असता. पण आम्ही दिसलो आणि त्याने सायकल आत वळवली. कठड्याला लागून. तू सांगितलं होतंस म्हणून, आणि मी तुला सांगितलं होतं म्हणून.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. एक दिवस आधी मी स्वतःच्या हाताने लिहिलं की आत चढ भिंतीसारखा असतो, आणि त्याच पत्रात, त्याच हाताने, आजारी माणसाला त्या भिंतीवर पाठवलं. मला फक्त हातभर अंतर दिसत होतं.

मी म्हटलं, "बाबा, आला." बाबांनी मान पुढे केली. टोळचं तोंड त्यांच्या तोंडासमोर आलं. धाकटे, ते तोंड बघण्यासारखं नव्हतं. नाकातलं हनुवटीपर्यंत आलेलं, ओठांच्या कडेला फेस, गालांवर मिठाचे पांढरे ओघळ. बाबा बघत राहिले. टोळने त्यांच्याकडे बघून मान हलवली. नमस्कार केला असेल, नाहीतर मान नुसती पडली असेल. आणि त्याचं पुढचं चाक थांबलं. सायकल कठड्याच्या बाजूला कलायला लागली.

छत्री बाबांच्या मांडीवर होती. त्यांनी ती खाली टाकली. डावा हात लांबवला, टोळच्या कमरेखाली, त्या ओल्या चड्डीवर, आणि ढकललं. इतक्या जोरात की खुर्ची मागे सरकली आणि मला ब्रेक लावावा लागला. टोळ हलला. एक पायडल गेलं, दुसरं गेलं, मग तो वळणाबाहेर पडला. पंचांनी शिटी फुंकली आणि काहीतरी लिहून घेतलं. अस्वलाने टाळ्या वाजवल्या. तुमची गाडी आमच्या समोरून गेली तेव्हा मागच्या खिडकीत तू तोंडावर हात ठेवून बसली होतीस.

नंतर अस्वलानेच खालून बातमी आणली. टोळ वेळेच्या मर्यादेत पोचला, जेमतेम, सर्वांत शेवटी. प्रेक्षकाकडून ढकलून घेतल्याबद्दल त्याला दंडाचे सेकंद लावले. मला हसावं की ओकावं ते कळेना. डिंकाच्या बाटलीला काही नाही आणि एका म्हाताऱ्याच्या हाताला दंड. आणि बाटली झाकणारी मीच.

बाबा म्हणाले, "बरोबर आहे. लावायलाच हवा."

रस्ता उघडला, गाड्या जायला लागल्या. खाली टोप्या, पिशव्या, बाटल्या, कुणीतरी सोडून दिलेलं पोराचं डायपर. मी म्हटलं, चला बाबा, गारठा पडतो आहे, आत बसू.

"तिने पाहिलं का?"

मी म्हटलं, "पाहिलं."

"मग तिला सांग, येऊन मला गाडीत बसव."

"मी बसवते की."

"तू नाही. ती."

तेव्हापासून ते कठड्यापाशी बसून आहेत. मी दोन घोंगड्या गुंडाळल्या आहेत त्यांच्याभोवती. ओढून नेऊ शकते, खुर्चीला चाकं आहेत, पण ब्रेकवर त्यांनी डावा हात ठेवला आहे आणि तो हात मला धरवत नाही. त्याच्यावर काय काय लागलं आहे ते तुला सांगायला नको. दोनदा ओलं फडकं घेऊन गेले, दोनदा मूठ मिटली. तोच हात मध्येच तोंडाजवळ नेऊन बघतात, हातभर अंतरावरून.

हे पत्र अस्वलाबरोबर पाठवते आहे. तो तुमच्या हॉटेलाच्या बाजूलाच उतरला आहे आणि आता त्याने पोशाख काढला आहे, तेव्हा तुम्ही त्याला आत घ्याल.

एक सांगून ठेवते. शनिवारचा व्हिडिओ फोनमध्ये आहे. पुसला नाही. फोन पाण्यात पडला नव्हता, हे मी बाबांना तुझ्यासमोर सांगणार आहे आणि मग तो त्यांच्या नाकाजवळ धरणार आहे. ते काय म्हणतील मला माहीत नाही. तुझ्याबद्दलची माझी किळस गेलेली नाही, उलट आता तीत मीही आहे आणि बाबाही आहेत, म्हणजे घरातलं कुणी राहिलं नाही.

तू ये. वरची वाट तुला माहीत आहे. येताना साबण आण, माझा संपला आहे, आणि तुझ्या हातून कदाचित ते तो हात धुऊन घेतील.

ताई